बेंच उतरला की आघाडी गायब: गार्डच्या रोटेशनमधली गळती शोधताना

बास्केटबॉल संघाची तक्रार बहुधा एकाच चालीत येते. पहिल्या क्वार्टरच्या सातव्या-आठव्या मिनिटाला आपण दहाने पुढे. मग मुख्य पाच जण धापा टाकू लागतात, बेंच (राखीव खेळाडूंची फळी) उतरतो, आणि दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर फलकाकडे पाहावं तर बरोबरी. मुख्य पाच परत येतात, घाम गाळून पुन्हा आघाडी उभी करतात, आणि तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरच्या सांध्यावर पुन्हा तीच गत. नागपुरात शिवाजीनगरचं कोर्ट असो, धंतोलीचं असो की मानकापूरच्या क्रीडा संकुलातला हॉल, कडेला हाताची घडी घालून उभ्या असलेल्या जाणकारांचं निदान ठरलेलं असतं: "बेंचच कमजोर आहे बे यांचा."

असेलही. पण एवढ्यावर थांबलं तर करण्यासारखं काही उरत नाही, कारण नवा बेंच काही पुढच्या रविवारपर्यंत तयार होत नसतो. माझं मत असं की ही गळती पाचही जणांत सारखी वाटलेली नसते. ती बहुतेक वेळा गार्डच्या (चेंडू वर आणून खेळ चालवणाऱ्याच्या) जागेवर, त्याच्या रोटेशनमध्ये म्हणजे अदलाबदलीत असते: कोण कोणाच्या जागी जातो, कोणाच्या जोडीने खेळतो आणि कितव्या मिनिटाला जातो. राखीव फॉरवर्डने एक शॉट घालवला तर दोन गुण जातात. राखीव गार्ड चुकीच्या जोडीदारासोबत, चुकीच्या क्षणी उतरला तर उरलेल्या चौघांपर्यंत चेंडू वेळेवर पोचतच नाही, मग ते कितीही चांगले का असेनात.

उदाहरणं एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, घेतो आहे. एक तर तिथे कोण कितव्या मिनिटाला आत गेला याची सेकंदागणिक नोंद असते, आणि दुसरं म्हणजे इथली बरीच मंडळी पहाटे उठून तेच सामने पाहते आणि संध्याकाळी तेच रोटेशन आपल्या क्लबवर लावायला जाते. त्या लावण्यातच अर्धा घोळ आहे. त्यावर पुढे येतोच.

आधी वहीत नोंद, मग निदान

बेंच उतरल्यावर स्कोअर घसरला, म्हणजे बेंचमुळेच घसरला असं होत नाही. तुमचे राखीव खेळाडू समोरच्यांच्या मुख्य पाचांविरुद्ध खेळत होते का, हे आधी पाहा. समोरचा प्रशिक्षक आपल्या मुख्य गार्डला उशिरा बसवत असेल तर ती चार मिनिटं तुमचा तिसरा गार्ड त्यांच्या पहिल्या गार्डसमोर उभा असतो. उणे आकडा त्याच्या नावावर पडतो. खरं तर तो वेळापत्रकाचा असतो.

अधिकृत स्कोअरशीटवर हे मिळत नाही. तिथे धावता स्कोअर असतो, गुण कुणी केले ते असतं, खेळाडू सामन्यात पहिल्यांदा आत आला याची खूण असते. पण तो कधी बाहेर गेला, कधी परतला, हे शीट सांगत नाही. त्यामुळे बेंचच्या टोकाला एका मुलाला वही देऊन बसवावं लागतं. काम सोपं आहे. प्रत्येक बदलीच्या वेळी एक ओळ: घड्याळातली उरलेली वेळ, स्कोअर, कोर्टवरचे पाच जर्सी क्रमांक. समजा अशी (४ आणि ८ मुख्य गार्ड, ६ आणि ९ राखीव):

३:४० / १९-१२ / ४, ८, ११, १४, १५
१:०५ / १९-१६ / ६, ९, ११, १३, १५

यात गार्डच्या क्रमांकाखाली रेघ मारायची आणि समोरचा मुख्य गार्ड कोर्टवर असेल तर ओळीच्या शेवटी एक टिंब द्यायचं. बस. घरी गेल्यावर पाचजणांच्या संचाचा हिशेब मांडत बसू नका, ते संच इतके असतात की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन मिनिटं येतात आणि काहीच कळत नाही. हिशेब गार्डच्या जोडीचा मांडा. ४ आणि ८ एकत्र असताना किती पुढे-मागे, ४ आणि ६ असताना किती, ६ आणि ९ असताना किती. एका सामन्यावरून काही ठरवू नये. समोरच्या एका पोराने लागोपाठ तीन तीन-पॉइंटर टाकले की सहा मिनिटांचं चित्र उलटंपालटं होतं. काही सामने साठले की जोडीचा आकडा बोलू लागतो.

अशा वह्यांमध्ये मला बहुतेक वेळा दिसलेली गोष्ट ही: ४ आणि ६ ठीक असतात, ८ आणि ६ पण ठीक असतात, आणि सगळं नुकसान ६ आणि ९ या एकाच जोडीच्या मिनिटांत बसलेलं असतं. म्हणजे ६ नंबरचा पोरगा वाईट नाही, ९ नंबरचाही नाही. दोघं एकत्र, आणि दोन्ही मुख्य गार्ड बाहेर, हे वाईट आहे.

दोन्ही मुख्य गार्ड एकदम बसतात

सगळ्यांत जास्त सापडणारा दोष हाच, म्हणून याचं गणित नीट पाहू.

सामना ४० मिनिटांचा. गार्डच्या जागा दोन, म्हणजे गार्डची एकूण ८० मिनिटं. दोघे मुख्य गार्ड प्रत्येकी ३० मिनिटं खेळतात असं धरा. उरलेली २० बेंचची. आता हे दोघे एकाच वेळी बसले, तर सामन्यातली १० मिनिटं अशी जातात की कोर्टवर एकही मुख्य गार्ड नाही. तेच दोघे आळीपाळीने बसले तर अशी मिनिटं शून्य. माणसं तीच, विश्रांती तेवढीच, बेंचच्या वाट्याची २० मिनिटंही तेवढीच. बदललं ते फक्त कोण कधी बसतो.

याची किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. दोघे एकत्र आधी ३० मिनिटं खेळत होते, आता २० च खेळतील. तुमच्या संघाची सगळी ताकद त्या दोघांच्या एकमेकांतल्या पासिंगमध्येच असेल तर ही किंमत जड जाईल. पण बहुतेक संघांत तसं नसतं. दोघेही चेंडू हातात असताना खुलतात आणि एकत्र असताना एक जण कोपऱ्यात उभा राहून वाट पाहत असतो.

ह्यूस्टन रॉकेट्सने २०१७-१८ च्या हंगामात हेच केलं. जेम्स हार्डन होताच, त्यात ख्रिस पॉल आला. दोघांनाही खेळ आपल्या हातात हवा असतो, मग एकाच चेंडूवर दोघांचं कसं जमणार अशी चर्चा हंगामाआधी खूप झाली. प्रशिक्षक माइक डँटोनी यांनी मिनिटांची मांडणी अशी केली की शक्यतो दोघांपैकी एक जण कायम कोर्टवर राहील. बेंच उतरला तरी चेंडू हार्डनच्या नाहीतर पॉलच्या हातात. त्या हंगामात ६५ विजय झाले.

४० मिनिटांच्या सामन्यात तीन गार्डवर हे कसं बसतं ते पाहा. मुख्य गार्ड अ, दुसरा ब, बेंचवरचा क. पहिली पाच मिनिटं अ आणि ब. मग ब बसतो, क येतो. क्वार्टर संपेपर्यंत अ आणि क. दुसरं क्वार्टर ब आणि क सुरू करतात, अ बसलेला. पाच मिनिटांनी अ परत येतो, क बसतो, आणि हाफटाइमपर्यंत पुन्हा अ आणि ब. उत्तरार्धात हेच जसंच्या तसं. अ आणि ब दोघांनाही ३०-३० मिनिटं, क ला २०. यात एक बारीक फायदा दडलेला आहे: अ ची पाच मिनिटांची विश्रांती दोन क्वार्टरमधल्या दोन मिनिटांच्या सुट्टीला जोडून येते, म्हणजे त्याला सलग सात मिनिटं मिळतात, आणि घड्याळाची फक्त पाच खर्च होतात. स्टीफ करीचा गोल्डन स्टेटमधला जुना शिरस्ता जवळपास असाच होता. पहिलं आणि तिसरं क्वार्टर जवळजवळ पूर्ण खेळायचं, दुसऱ्या आणि चौथ्याच्या सुरुवातीला बसायचं.

अर्थात अ ला सलग दहा मिनिटं पळवायचं तर त्याच्यात तेवढा दम पाहिजे. डिसेंबरमधल्या स्पर्धेत ते चालतं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहालाही सिमेंटचं कोर्ट तव्यासारखं तापलेलं असतं, तेव्हा आठव्या मिनिटाला त्याचे पाय जड होताना दिसतील. मग मध्ये एखाद-दीड मिनिटासाठी ब ला लवकर परत आणा. तत्त्व मोडू नका, फक्त दोघांतला एक आत असू द्या.

एनबीएचं वेळापत्रक इथे का बसत नाही

एनबीएत क्वार्टर १२ मिनिटांचं आणि प्रत्येक क्वार्टरमध्ये दोन सक्तीचे टाइमआउट असतात: घड्याळ सात मिनिटांच्या खाली गेल्यावर पहिला थांबा मिळाला की एक, आणि तीन मिनिटांच्या खाली गेल्यावर दुसरा. संघाने नाही घेतला तर टेबलावरून (स्कोअर आणि वेळ राखणाऱ्यांकडून) दिला जातो. त्यामुळे तिथल्या प्रशिक्षकाला आपली बदली अमुक वेळेच्या आसपास होणार हे आधीच ठाऊक असतं. राखीव गार्ड अंग गरम करून, दोन मिनिटं सूचना ऐकून, शांतपणे आत जातो.

आपण खेळतो ते फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी. इथे सक्तीचा टाइमआउट नाही. पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन, तेही स्वतः मागायचे. बदलीसाठी घड्याळ थांबलेलं आणि चेंडू मृत पाहिजे. बास्केट झालं म्हणून बदली मिळत नाही. ती सवलत फक्त चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत किंवा जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत, आणि तीही ज्याच्यावर बास्केट झालं त्या संघाला. शिवाय बदली मागायची ती राखीव खेळाडूने, स्वतः टेबलापाशी जाऊन. प्रशिक्षकाने लांबून हात केला तर टेबलावरचे काका बघतही नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

त्यातून होतं असं. प्रशिक्षक पाचव्या मिनिटाला क ला पाठवतो. तो टेबलापाशी खुर्चीवर जाऊन बसतो. खेळ पळता असतो, शिट्टी येत नाही. एका सामन्यात ऐकलेला संवाद:

"काका, पोट्ट्याले कवाचं बसवून ठेवलं, आत काहून नाही सोडून राह्यले तुम्ही?"

"अरे दादा, शिट्टी वाजल्याबिगर कसा सोडू? बास्केटवर बास्केट होऊन राह्यले!"

दीड-दोन मिनिटं अशी जातात. तोवर ब थकलेला, अ सुद्धा थकलेला, सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) गुडघ्यावर हात टेकून उभा. शेवटी शिट्टी वाजते तेव्हा प्रशिक्षक घाबरून एकदम चार जण आत ढकलतो. वहीत एका ओळीत चार क्रमांक बदललेले दिसले की समजावं, रोटेशन तिथेच फाटलं. चार नवे, थंड अंगाचे खेळाडू. त्यांना समोर कोण कोणाला धरतोय तेही नीट ठाऊक नसतं. पुढच्या दोन मिनिटांत जो सहा-सात गुणांचा मार बसतो तो इथला असतो.

उपाय: बदलीची वेळ ठरवू नका, खिडकी ठरवा. "पाचव्या मिनिटाला ब बाहेर" असं म्हणण्याऐवजी "चौथ्या मिनिटानंतरच्या पहिल्या शिट्टीला ब बाहेर" असं ठरवा आणि क ला त्याआधीच टेबलापाशी नेऊन बसवा. शिट्टी लवकर आली तर लवकर. त्या शिट्टीला शक्यतो फक्त गार्ड बदलायचा. पुढच्या शिट्टीला फॉरवर्ड, त्याच्या पुढच्याला सेंटर. आणि एकाच टाइमआउटवर सगळी भिस्त ठेवू नका. पूर्वार्धात दोनच आहेत आणि त्यांतला एक तुम्हाला समोरच्यांची धाव तोडायला लागणारच.

जोडी जुळत नाही

कधी कधी मिनिटांची मांडणी बरोबर असते आणि तरी दुसरी फळी अडते. तेव्हा कोण कोणाबरोबर आहे ते पाहावं लागतं.

राखीव गार्ड बहुधा दोन जातीचे. एक जो आत जाताच शॉट शोधतो, दुसरा जो चेंडू सांभाळून इतरांना देतो. दोन शॉट शोधणारे एकत्र टाकले तर आळीपाळीने एकेकटे खेळतात आणि बाकी तिघे बघत राहतात. दोन सांभाळणारे टाकले तर चेंडू तीन-पॉइंट रेषेबाहेर इकडून तिकडे फिरतो आणि शॉट घ्यायचे २४ सेकंद संपतात. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण तो दिसायला शिस्तबद्ध दिसतो. टर्नओव्हर (चेंडू गमावणं) कमी, भांडण नाही, आणि दर फेरीला शेवटच्या क्षणी कुणीतरी हात वर करून फेकलेला शॉट.

पण त्याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गार्ड आणि त्याला स्क्रीन देणारा (बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभा राहणारा) उंच खेळाडू यांची जोडी. लॉस एंजेलिस क्लिपर्सचा २०१८-१९ चा बेंच आठवा. लू विल्यम्स बेंचवरून येऊन सरासरी २० गुण करत होता, त्या हंगामातला सिक्स्थ मॅनचा (सर्वोत्तम राखीव खेळाडूचा) पुरस्कार त्याला मिळाला, तोही तिसऱ्यांदा. पण त्याच्या खेळाचा अर्धा भाग माँट्रेझ हॅरेल होता, आणि तोसुद्धा बेंचवरूनच यायचा. विल्यम्स स्क्रीनच्या कडेने वळायचा, हॅरेल रिंगकडे घुसायचा, बचाव करणाऱ्याने एकाला धरलं की दुसरा मोकळा. पुढच्या हंगामात तोच पुरस्कार हॅरेलला मिळाला. हे दोघे एकत्र आत येत, एकत्र खेळत. आपल्याकडे काय होतं? राखीव गार्ड सरावात ज्या सेंटरबरोबर पिक-अँड-रोल (स्क्रीन देऊन रिंगकडे घुसण्याची हीच चाल) घोटतो, तो सेंटर सामन्यात तीन मिनिटं उशिरा येतो. गार्डला मुख्य सेंटर मिळतो, ज्याला पोस्टमध्ये (रिंगजवळ) पाठ देऊन चेंडू मागायची सवय. दोघांचीही चूक नाही, आणि दोघेही वाईट दिसतात.

म्हणून बदलीच्या कागदावर गार्डच्या नावासमोर त्याच्या स्क्रीनवाल्याचं नाव लिहा. दोघांत एका शिट्टीपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका.

पूर्ण बेंच एकत्र चालूच शकत नाही असं मात्र नाही. टोरांटो रॅप्टर्सच्या २०१७-१८ च्या संघात फ्रेड व्हॅनव्लीट, डेलॉन राइट, सी. जे. माइल्स, पास्कल सियाकाम आणि याकोब पोल्टल हे पाचही राखीव एकत्र उतरत आणि समोरच्यांची पहिली फळी पळवून दमवत. त्या हंगामात संघाने ५९ सामने जिंकले. यातली मेख अशी की व्हॅनव्लीट आणि राइट दोघेही चेंडू चालवू शकत, दोघेही बचावात चिवट, आणि एक चालवत असेल तेव्हा दुसरा बिनचेंडूचा उपयोगी राहायचा. नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात व्हॅनव्लीटचा खांदा दुखावला आणि वॉशिंग्टनविरुद्धच्या पहिल्या फेरीतले बहुतेक सामने तो खेळू शकला नाही. बाकीचे चौघे तेच होते, तरी तो बेंच हंगामभर होता तसा दिसेना. सहाव्या सामन्यात तो परतला आणि टोरांटोने मालिका तिथेच संपवली. दुसऱ्या फळीत एका गार्डचं वजन किती असतं याचा याहून स्वच्छ नमुना मला ठाऊक नाही.

प्रेस आला की

समोरचा प्रशिक्षक आंधळा नसतो. तुमचा मुख्य गार्ड बसला की तो लगेच पूर्ण कोर्ट प्रेस लावतो, म्हणजे तुमच्याच बेसलाइनपासून अडवायला लागतो. आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडायची असते आणि थ्रो-इनला (बाहेरून चेंडू आत टाकायला) पाच सेकंद. इथे सगळे राखीव गार्डच्या ड्रिबलकडे बघतात. मी आधी थ्रो-इन कोण करतोय ते बघतो.

मुख्य पाचांत हे काम ठरलेलं असतं; बहुधा एखादा उंच, थंड डोक्याचा फॉरवर्ड. तो गार्डबरोबरच बाहेर गेला, तर बेसलाइनच्या मागे असा कुणीतरी उभा राहतो ज्याने सरावात कधी चेंडू आत टाकलेलाच नाही. तो घाईने कोपऱ्यात पास देतो, गार्ड तिथे दोघांच्या सापळ्यात अडकतो, आणि टर्नओव्हर गार्डच्या नावावर चढतो. तेव्हा गार्डचं रोटेशन करताना थ्रो-इनवाल्याचंही करा: मुख्य गार्ड बाहेर असताना तो फॉरवर्ड आत हवा. प्रेसमध्ये मधल्या वर्तुळापाशी येऊन पास घेणारा तिसरा माणूसही आधी ठरवून ठेवा. सरावात दुसऱ्या फळीला पहिल्या फळीच्या प्रेससमोर खेळवा, सहा विरुद्ध पाच करून. कटकट होईल, शिव्या पडतील, पण सामन्यातला प्रेस त्यानंतर सोपा वाटतो.

अर्धी रेषा ओलांडल्यावर आणखी एक गोष्ट नजरेने मोजण्यासारखी आहे. पहिला स्क्रीन लागतो तेव्हा २४ पैकी किती सेकंद उरलेत? मुख्य गार्ड असताना १७-१८ उरलेले असतील आणि राखीव असताना ११-१२, तर तुमच्या दुसऱ्या फळीला प्रत्येक फेरीत अर्धाच वेळ मिळतोय. आपल्याकडे कित्येक कोर्टांवर शॉट क्लॉक दिसतच नाही, टेबलावरून "दहा!" अशी हाळी येते. ती हाळी आली तेव्हा चेंडू कुठे होता, एवढं वहीवाल्या मुलाने लिहिलं तरी पुरे.

यावर राखीव गार्डला "लवकर कर" असं सांगून भागत नाही. त्याला मुख्य गार्डच्या बारा चाली देण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या दोन द्या. शॉन लिव्हिंग्स्टन करीच्या जागी यायचा, पण त्याने करीसारखं लांबून फेकणं कधी केलं नाही. उंच गार्ड तो, समोरच्या बुटक्या गार्डला पाठीवर घेऊन मध्यम अंतरावरून वळून शॉट मारायचा, आणि आंद्रे इगुओडाला हा फॉरवर्ड असूनही चेंडू चालवायचा. वेगळे गुण, म्हणून वेगळा खेळ.

फाउल

फिबात पाचव्या वैयक्तिक फाउलवर खेळाडू बाहेर, एनबीएत सहाव्यावर. म्हणजे आपल्या मुख्य गार्डला पहिल्या पाच मिनिटांत दोन फाउल लागले की तो बसतो आणि वर मांडलेलं सगळं वेळापत्रक एका घराने सरकतं. यासाठी चौथा गार्ड आधीपासून ठरलेला पाहिजे, त्याच वेळी शोधायचा नाही. सांघिक फाउलचंही भान राखीव गार्डना द्या. क्वार्टरमध्ये चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. दुसऱ्या क्वार्टरच्या पहिल्या तीन मिनिटांत उत्साहाच्या भरात अर्ध्या रेषेवर हात घालून घेतलेले फाउल दिसायला जोशाचे दिसतात. त्यांचं बिल मुख्य पाचांना उरलेल्या सात मिनिटांत भरावं लागतं.

एक चूक की बाहेर

हा दोष खेळाडूचा नसून साइडलाइनचा. राखीव गार्ड आत जातो, पहिलाच पास चुकतो, लगेच टेबलावरून हॉर्न. कडेची मंडळी त्यात तेल ओततात: "काढ ना बे त्याले!" दोन-तीन वेळा असं झालं की तो पोरगा पुढच्या वेळी चुकणार नाही असंच खेळतो, म्हणजे काहीच करत नाही. आडवा पास, परत आडवा पास. वर सांगितलेलं वेळापत्रक मला आवडतं ते यासाठीही की त्यात क ला प्रत्येक हाफमध्ये सलग दहा मिनिटं मिळतात, मधली सुट्टीची दोन मिनिटं वगळून. पहिल्या दोन फेऱ्या फसल्या तरी सावरायला जागा आहे हे त्याला आधी सांगून ठेवा, आणि मग ते पाळा.

हे सगळं करूनही जमत नसेल

तर सुरुवातीच्या पाचांत हात घालायची वेळ आली. २०११ च्या एनबीए फायनलमध्ये मायामीविरुद्ध डॅलस १-२ ने मागे होतं. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी चौथ्या सामन्यापासून बेंचवरचा जेमतेम सहा फुटी गार्ड जे. जे. बारेया याला सुरुवातीला उतरवलं आणि डीशॉन स्टीव्हनसनला बेंचवर नेलं. जेसन टेरी मात्र बेंचवरच राहिला, कारण दुसऱ्या फळीला गुण करणारा कुणीतरी हवाच होता. डॅलसने पुढचे तिन्ही सामने जिंकून ४-२ ने विजेतेपद घेतलं आणि शेवटच्या सामन्यात बेंचवरून आलेल्या टेरीने २७ गुण केले. म्हणजे बदल सुरुवातीच्या पाचांत दिसला, पण दोन्ही फळ्यांची वाटणी त्यातून बदलली.

उलट दिशेनेही करता येतं. सॅन अँटोनिओत ग्रेग पॉपोविच यांनी मनू जिनोबिलीसारखा गार्ड वर्षानुवर्षं बेंचवरून आणला; २००८ मध्ये त्याला सिक्स्थ मॅनचा पुरस्कार मिळाला. सामना संपवताना मात्र तो कोर्टवर असायचाच. आपल्याकडे हे सुचवलं की मुलाचे वडीलच प्रशिक्षकाला गाठतात, "सर, तो सुरुवातीला का नाही?" त्यांना वहीतली मिनिटं दाखवा. तीस मिनिटं खेळणारा मुलगा पहिल्या मिनिटाला बसला होता की विसाव्या, याने त्याच्या तीस मिनिटांत काही कमी होत नाही.

काहीही बदललं तरी एका वेळी एकच बदला. या आठवड्यात मुख्य गार्ड आळीपाळीने बसवणं सुरू केलं असेल तर त्याच आठवड्यात नव्या चाली आणि नवा थ्रो-इनवाला आणू नका. सुधारलं तर कशाने आणि बिघडलं तर कशाने, हे कळणार नाही. वही चालू ठेवा.

आणि तुमच्याकडे तिसरा गार्डच नसेल, जे नागपुरात परीक्षेच्या दिवसांत अर्ध्या क्लबांचं होतं, तर बळेच एखाद्या बिथरणाऱ्या पोराला चेंडू देऊ नका. फॉरवर्डमधला ज्याचा डावा हात बरा चालतो आणि जो मान वर ठेवून ड्रिबल करतो, त्याला निवडा. अ किंवा ब यांपैकी एक आत असतानाच त्याला चेंडू वर आणायला लावा, म्हणजे सापळा लागला तर परत द्यायला कुणी असेल. सरावात पंधरा मिनिटं फक्त तेवढंच: बेसलाइनपासून अर्ध्या रेषेपर्यंत, दोघांच्या प्रेससमोर, आठ मोजायच्या आत.